विजेच्या साहाय्याने फरफ्युरलचं फरफ्युरिल अल्कोहोल: क्रम चुकू नये म्हणून

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा प्रयोग घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: 'वीज गेली, बुडबुडे आले, तीन तास झाले, आणि हाती काकवीसारखं तपकिरी काहीतरी उरलं.' मग दोष तांब्याच्या इलेक्ट्रोडला नाहीतर पोटेन्शिओस्टॅटला (इलेक्ट्रोडचा व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणाऱ्या यंत्राला) दिला जातो. त्या दोघांचा दोष क्वचितच असतो. घोळ होतो तो कामांच्या क्रमात. फरफ्युरल आधी पाण्यात टाकून ठेवायचं आणि नंतर सेल जोडायला बसायचं, हा तो घोळ. फरफ्युरल थांबून राहणारा पदार्थ नाही. हवा लागली की त्याचं फ्युरॉइक आम्ल होतं, आम्लात आणि तीव्र अल्कलीत त्याची राळ होते. म्हणून खालचे सगळे टप्पे एका नियमावर बेतले आहेत: फरफ्युरल सगळ्यात शेवटी.

अल्कोहोल करण्याच्या विद्युत-रासायनिक कृतींतली हीच निवडायचं कारण साधं आहे. फरफ्युरल उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांपासून निघतं, ते पाण्यात पुरेसं विरघळतं आणि कॅथोडला (द्रावणाला इलेक्ट्रॉन देणाऱ्या इलेक्ट्रोडला) साधं तांबं चालतं. फरफ्युरिल अल्कोहोल फाउंड्रीत वाळूचे साचे बांधणाऱ्या फ्युरान रेझिनसाठी लागतं, त्यामुळे कोल्हापूरकडच्या वाचकांना हे नाव ओळखीचं असेल.

## आधी कागदावर हिशेब

फरफ्युरलच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की एक रेणू अल्कोहोल होतो आणि पाण्यातून दोन हायड्रॉक्साइड सुटतात. हे हायड्रॉक्साइड बहुतेक जण विसरतात आणि पुढे तेच नडतात.

पहिल्या प्रयोगासाठी ५० मिली द्रावण आणि ५० मिलीमोलर फरफ्युरल घ्या. म्हणजे २.५ मिलीमोल, वजनात ०.२४ ग्रॅम. लागणारा प्रभार २ × ९६,४८५ × ०.००२५, म्हणजे सुमारे ४८२ कूलोम. तांब्याचं बुडालेलं क्षेत्रफळ ५ चौरस सेंमी आणि प्रवाह ५० मिलीअँपिअर धरला, तर २ तास ४० मिनिटं लागतात. हा कागदावरचा वेळ आहे. थोडी वीज हायड्रोजन करण्यात जाणारच, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त वेळ धरा.

आता हायड्रॉक्साइडचा हिशेब. तेवढ्या विजेत कॅथोडच्या बाजूला ५ मिलीमोल हायड्रॉक्साइड तयार होतं. द्रावण ०.५ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेटचं असेल, तर ५० मिलीमध्ये २५ मिलीमोल बायकार्बोनेट असतं. त्यातल्या ५ चं कार्बोनेट होतं आणि पीएच ८.४ च्या आसपासून साधारण साडेनऊपर्यंत चढतो. एवढं चालतं. याच सेलमध्ये चौपट फरफ्युरल टाकलं, तर बफरचा (पीएच सांभाळणाऱ्या बायकार्बोनेटचा) मोठा वाटा संपतो आणि पीएच दहाच्या बराच पुढे जातो. तिथे दोन फरफ्युरल एकमेकांना जोडून हायड्रोफ्युरॉइन होण्याचं प्रमाण वाढतं आणि राळही सुरू होते.

इशारा: 'एवीतेवी सेल लावलाच आहे, तर जास्त माल टाकू' हा मोह पहिल्या वेळी आवरा. मात्रा वाढवायची तर द्रावणही त्याच पटीत वाढवा.

आम्लात का नाही? कारण तांब्यावर गंधकाम्लात फरफ्युरलचा मोठा वाटा अल्कोहोलवर न थांबता मिथाइलफ्युरानपर्यंत जातो, आणि जे अल्कोहोल होतं ते आम्लात टिकत नाही. सौम्य अल्कली हा इथला मधला मार्ग आहे.

## टप्पा १: मेम्ब्रेन (आदल्या दिवशी)

एच आकाराचा, दोन कप्प्यांचा सेल घ्या. मधे नॅफिऑन ११७ किंवा तसंच धन आयन जाऊ देणारं मेम्ब्रेन. एकाच बीकरमध्ये दोन्ही इलेक्ट्रोड ठेवले, तर कॅथोडवर झालेलं अल्कोहोल अ‍ॅनोडवर जाऊन पुन्हा जळतं.

मेम्ब्रेन ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ८० °से.ला तासभर ठेवा, मग डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्यात, मग ०.५ मोलर गंधकाम्लात, पुन्हा पाण्यात, दर वेळी साधारण तासभर. इथपर्यंत सगळे करतात. यापुढची पायरी गाळली जाते: ते १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पाण्याने धुवायचं.

ही पायरी गाळली की मेम्ब्रेन प्रोटॉन भरलेलंच राहतं. बायकार्बोनेटला लागताच त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बारीक फुगे निघतात, मेम्ब्रेनला चिकटून बसतात आणि सेलचा व्होल्टेज वर-खाली नाचू लागतो. बरेच जण या फुग्यांना हायड्रोजन समजतात.

तपासणी: मेम्ब्रेनचा तुकडा थोड्या बायकार्बोनेट द्रावणात टाकून पाच मिनिटं पाहा. फुगे दिसले, तर पुन्हा हायड्रॉक्साइडमध्ये.

## टप्पा २: दोन द्रावणं

कॅथोडसाठी ०.५ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेट: २५० मिलीला १२.५ ग्रॅम. अ‍ॅनोडसाठी १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि त्यात निकेलची जाळी. निकेल अल्कलीत व्यवस्थित टिकतं आणि कॉलेजच्या बजेटला परवडतं. प्लॅटिनमची तार हाताशी आहे म्हणून ती लावू नका. ती किंचित विरघळते, आणि तिचे अंश कॅथोडवर जाऊन बसले की तांब्याऐवजी प्लॅटिनमच काम करतं, हायड्रोजन काढण्याचं.

हेच निकेल बायकार्बोनेटमध्ये अ‍ॅनोड म्हणून वापरू नका, तिथे ते झिजतं. बाटल्यांवर 'कॅथोड' आणि 'अ‍ॅनोड' असं मोठ्या अक्षरांत लिहा. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी दिसतात आणि अदलाबदल झाली तर सुरुवातीला काहीच कळत नाही.

## टप्पा ३: फरफ्युरल शुद्ध करणं

बाटलीतलं फरफ्युरल काळं-तपकिरी दिसत असेल, तर ते तसंच वापरू नये. कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करा. २० मिमी पाऱ्याच्या दाबाला ते ६८ °से.च्या आसपास येतं. फ्लास्कमध्ये चिमूटभर सोडियम कार्बोनेट टाका, म्हणजे आम्ल मागे राहील. पहिले थेंब आणि शेवटचा पाचवा हिस्सा सोडून द्या. मधला भाग रंगहीन किंवा अगदी फिकट पिवळा यायला हवा.

हा भाग लहान तपकिरी बाटल्यांत, वर नायट्रोजन भरून, फ्रीजमध्ये ठेवा. एक मोठी बाटली रोज उघडण्यापेक्षा पाच छोट्या बऱ्या. आठवड्याभरात रंग चढतो, तेव्हा महिनाभराचा साठा करून ठेवण्यात अर्थ नाही.

इशारा: फरफ्युरल कातडीतून अंगात जातं आणि साध्या नायट्राइल हातमोज्यांतूनही लवकर झिरपतं. थेंब पडला की मोजे ताबडतोब बदला. ब्यूटाइल रबरचे असतील तर उत्तम. काम फ्यूम हूडमध्येच. बदामासारखा वास येतोय म्हणजे तो तुमच्या फुप्फुसात जातोय.

## टप्पा ४: तांबं

९९.९ टक्के किंवा त्याहून शुद्ध पत्रा घ्या. एकदा एका विद्यार्थ्याने मोटर वाइंडिंगची तार गुंडाळी करून लावली होती आणि प्रवाह शून्य का येतो हे शोधण्यात आमची अर्धी दुपार गेली. त्या तारेवर व्हार्निशचा थर असतो, आणि तो डोळ्यांना तांब्यासारखाच दिसतो.

पत्रा ६०० आणि मग १२०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासा, इथेनॉलमध्ये पाच मिनिटं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी स्वच्छ करा), मग ०.५ मोलर गंधकाम्लात अर्धा मिनिट बुडवून डीआय पाण्याने भरपूर धुवा. रंग गुलाबीसर दिसला पाहिजे. त्यानंतर दहा मिनिटांच्या आत तो सेलमध्ये गेला पाहिजे. तासभर टिश्यूवर पडलेल्या पत्र्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि पहिले काही कूलोम तो थर काढण्यातच खर्च होतात.

क्षेत्रफळ मोजताना दोन्ही बाजू धरा, किंवा मागची बाजू टेफ्लॉन टेपने झाका. काय केलं ते वहीत लिहा. एकच बाजू मोजून दोन्ही बाजू उघड्या ठेवल्या, तर तुमचे सगळे आकडे दुपटीने चुकतात.

## टप्पा ५: सेल जोडणं

मेम्ब्रेन ओलंच बसवा. वाळलं तर सुरकुत्या पडतात आणि कडेने गळतं. आधी, म्हणजे तांबं घासायला घेण्यापूर्वीच, दोन्ही कप्प्यांत नुसतं पाणी भरून दहा मिनिटं गळती तपासा. पाणी ओतून द्या, मग द्रावणं भरा, दोन्हीकडे पातळी सारखी ठेवा.

मगर-क्लिप द्रावणाच्या वरच राहिली पाहिजे. ती बुडाली की तिचं लोखंड किंवा निकेलचा मुलामाही इलेक्ट्रोड होतो. संदर्भ इलेक्ट्रोड (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड; तांब्याचा व्होल्टेज याच्या तुलनेत मोजतात) तांब्याच्या जवळ ठेवा आणि त्याच्या टोकात हवेचा फुगा अडकला नाही ना ते झटकून पाहा. प्रयोगशाळेत दुसरा चांगला संदर्भ इलेक्ट्रोड असेल तर दोघांमधला फरक मोजा. काही मिलीव्होल्टपेक्षा जास्त असेल, तर एकाची तब्येत बिघडलेली आहे.

कॅथोडकडून हायड्रोजन, अ‍ॅनोडकडून ऑक्सिजन. दोन्हींच्या नळ्या वेगळ्या बाहेर काढा, एकाच नळीत कधीच जोडू नका.

तपासणी: जोडणी उलटी झाली तर तांबं अ‍ॅनोड होऊन विरघळतं. सुरू केल्यावर पहिलं मिनिट द्रावणावर नजर ठेवा. निळसर-हिरवी छटा दिसली की लगेच बंद करा. तो पत्रा, ते द्रावण दोन्ही बाद.

## टप्पा ६: फरफ्युरलशिवाय एक फेरी

ही पायरी वगळणारे नंतर पंधरा दिवस घालवतात. कॅथोडच्या द्रावणातून वीस मिनिटं नायट्रोजन सोडा, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जाईल. नाहीतर त्याचाच प्रवाह तुम्ही फरफ्युरलचा समजाल. मग संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत −०.६ पासून −१.४ व्होल्टपर्यंत संथ स्कॅन करा, सेकंदाला २० मिलीव्होल्ट. हा तुमचा कोरा आलेख.

किती व्होल्टवर चालवायचं? बायकार्बोनेटमध्ये तांब्यावर हे रूपांतर रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (आरएचई, पीएचनुसार सरकणाऱ्या) मापात −०.५५ व्होल्टच्या आसपास ठीक चालतं. ते सिल्व्हर क्लोराइडच्या मापात आणायला पीएचचा ०.०५९ पट आणि संतृप्त इलेक्ट्रोडचे ०.१९७ वजा करा: पीएच ८.४ ला ०.४९६ आणि ०.१९७ वजा होऊन −१.२४ व्होल्ट. ही वजाबाकी न करता पेपरमधला आकडा जसाच्या तसा यंत्रात टाकणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. −०.५५ टाकला की काहीच घडत नाही, मग माणूस घाबरून −१.८ टाकतो आणि सेलमध्ये नुसता सोडावॉटर होतो.

पीएच एकाने चढला की हे गणित जवळजवळ ६० मिलीव्होल्टने सरकतं, हेही ध्यानात असू द्या.

## टप्पा ७: आता फरफ्युरल

फ्रीजमधली एक छोटी बाटली काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, ०.२४ ग्रॅम सरळ कॅथोडच्या कप्प्यात वजन करून टाका. (साधारण ०.२१ मिली, पण मायक्रोपिपेटपेक्षा तराजूवर विश्वास ठेवा.) पाच मिनिटं ढवळल्यावर तेलकट थेंब दिसायला नकोत. पुन्हा एकदा तोच स्कॅन घ्या. प्रवाह कोऱ्या आलेखाआधी चढायला लागला, तर सेल जिवंत आहे. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, तर पुढे जाऊ नका, पत्रा पुन्हा घासा.

नायट्रोजनची नळी आता द्रावणातून वर उचला आणि नुसती पृष्ठभागावरून वाहू द्या. द्रावणात जोरात सोडलेला वायू फरफ्युरलची वाफ सोबत घेऊन जातो. तुम्हाला वाटतं रूपांतर झालं, प्रत्यक्षात ते हूडमधून बाहेर गेलेलं असतं.

ढवळणं मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्या, चुंबकी दांडी पत्र्याला न आपटता. तापमान २० ते २५ °से. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे खोलीच चाळिशीला टेकते. तिथे सेल पाण्याच्या भांड्यात ठेवून अधूनमधून बर्फ टाकावा लागतो.

पोटेन्शिओस्टॅट नसेल, तर साध्या डीसी पुरवठ्यावर ५० मिलीअँपिअर स्थिर प्रवाहानेही चालतं. फक्त शेवटाकडे फरफ्युरल कमी होतं आणि प्रवाह तेवढाच राहिल्याने उरलेली वीज हायड्रोजनकडे वळते. तेव्हा शेवटच्या तासात प्रवाह निम्मा करा.

सेलचा व्होल्टेज अचानक चढला, तर आधी मेम्ब्रेनवरचे फुगे पाहा, मग क्लिप, मग द्रावणाची पातळी. याच क्रमाने. आणि यूपीएस असू द्या. मधेच लाइट गेली की तांब्यावरचं संरक्षण जातं, आणि किती कूलोम गेले याचा हिशेबही.

## टप्पा ८: केव्हा थांबायचं

घड्याळ पाहून थांबू नका. दर अर्ध्या तासाने ५० मायक्रोलिटर नमुना काढा, ५० मिलीपर्यंत पाणी घाला आणि यूव्हीमध्ये (अतिनील प्रकाशात) २७७ नॅनोमीटरला शोषण मोजा. फरफ्युरल तिथे जोरदार दिसतं. सुरुवातीला आकडा ०.७ ते ०.८ च्या दरम्यान यायला हवा. अल्कोहोल तिथे जवळजवळ दिसत नाही, त्याचं शोषण २१७ च्या आसपास असतं. सोबत पीएचही नोंदवा, दहाच्या वर जायला लागला तर थांबा.

सुरुवातीच्या आकड्याचा दहा ते पंधरा टक्के उरला की वीज बंद करा. शेवटचा थेंब बदलण्याच्या नादात तासभर अल्कलीत ठेवलेला माल रंग धरतो.

हा आकडा फरफ्युरल *गेलं* एवढंच सांगतो, अल्कोहोल *झालं* असं सांगत नाही. त्यासाठी एक समांतर प्रयोग करा: तोच सेल, तेवढंच फरफ्युरल, तीन तास ढवळणं, वीज मात्र नाही. जितकं नाहीसं होईल तितकं बाष्पीभवनाने, मेम्ब्रेनमध्ये मुरून किंवा पलीकडे झिरपून गेलं. दोन्ही प्रयोगांत अ‍ॅनोडचं द्रावणही तपासा. तिथल्या तीव्र अल्कलीत पोहोचलेलं फरफ्युरल कॅनिझारो अभिक्रियेने स्वतःच अर्धं अल्कोहोल आणि अर्धं फ्युरोएट होतं, विजेचा काही संबंध नसताना.

## टप्पा ९: बाहेर काढणं

वीज बंद केल्याबरोबर तांबं बाहेर काढा आणि त्याच दिवशी पुढचं काम करा. 'उद्या करू' म्हणून झाकून ठेवलेलं द्रावण सकाळी चहाच्या रंगाचं मिळतं.

फरफ्युरिल अल्कोहोल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं, त्यामुळे नुसतं इथिल ॲसिटेट घालून हलवलं तर निम्मं पाण्यातच राहतं. आधी द्रावण मिठाने संतृप्त करा, तळाला थोडं मीठ न विरघळता उरेपर्यंत. मग थंड असताना १५ मिली इथिल ॲसिटेटने तीनदा, लवकर-लवकर. थर एकत्र करा, सोडियम सल्फेटवर वाळवा, रोटाव्हॅपवर (कमी दाबात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) पाण्याचं भांडं ४० °से.च्या खाली ठेवून द्रावक उडवा.

इशारा: या टप्प्यावर द्रावण आम्लाने उदासीन करण्याची सवय सोडा. फरफ्युरिल अल्कोहोल तीव्र आम्लाला लागलं की बहुलकीकरण अतिशय वेगाने, प्रचंड उष्णता सोडत होतं. त्याचे अवशेष आम्लाच्या कचऱ्याच्या बाटलीत टाकणं म्हणजे बंद बाटलीत हाच प्रकार घडवणं. त्यासाठी वेगळी, अल्कलीची बाटली ठेवा.

ऊर्ध्वपातनाने वेगळं करायचा विचार असेल तर सोडून द्या. फरफ्युरल १६२ ला उकळतं आणि अल्कोहोल १७० ला, आणि एवढ्याशा मालात हे दोन वेगळे होणार नाहीत. छोटा कॉलम (सिलिका भरलेली, पदार्थ वेगळे करणारी नळी) घ्या, पण सिलिका आधी एक टक्का ट्रायइथिलअमाइन घातलेल्या द्रावकाने भिजवा. सिलिकाचा आम्लीपणाही कॉलमवर तपकिरी पट्टा उमटवायला पुरतो.

## टप्पा १०: मोजणी

कॉलमआधीच थोड्या भागाचा प्रोटॉन एनएमआर घ्या, कारण कॉलमवर काय हरवलं ते नंतर कळत नाही. फरफ्युरलचा अल्डिहाइड प्रोटॉन ९.६ पीपीएमला, अल्कोहोलचा सीएच२ ४.६ च्या जरा आत. अंतर्गत मानक म्हणून १,३,५-ट्रायमेथॉक्सिबेन्झीन बरं. मॅलेइक आम्ल नको. त्याची खूण फ्युरानच्या ६.३ जवळच्या खुणांच्या शेजारी येते, आणि वर ते आम्ल आहे. ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्म (एनएमआरचा द्रावक) जुना असेल तर तोही आम्ल धरतो. पोटॅशियम कार्बोनेटवरून गाळून घ्या, नाहीतर नळीतच रंग बदलताना दिसेल.

समजा, ६०० कूलोम गेले आणि २.० मिलीमोल अल्कोहोल मिळालं. उतारा २.० भागिले २.५, म्हणजे ८० टक्के. विजेची कार्यक्षमता २.० मिलीमोलला लागणारे ३८६ कूलोम भागिले ६००, म्हणजे ६४ टक्के. हे दोन वेगळे आकडे आहेत, अहवालात दोन्ही द्या. मग ताळा: अल्कोहोल, उरलेलं फरफ्युरल आणि हायड्रोफ्युरॉइनची दुप्पट (एका रेणूत दोन फरफ्युरल असतात) यांची बेरीज मूळ २.५ मिलीमोलच्या नव्वद टक्क्यांच्या खाली आली, तर बाकीचं राळेत, वाफेत किंवा मेम्ब्रेनमध्ये आहे. हायड्रोफ्युरॉइन जास्त असेल तर पुढच्या वेळी फरफ्युरलचं प्रमाण निम्मं करा, कारण दोन रेणू भेटण्याची शक्यता प्रमाणाच्या वर्गाने घटते. राळ जास्त असेल तर पीएचच्या नोंदी पाहा.

मेम्ब्रेन काढून इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणात धुवा आणि डीआय पाण्यात बुडवून ठेवा. ते पिवळसर होतंच. पण गडद तपकिरी डाग पडलेलं मेम्ब्रेन दुसऱ्या अभिक्रियेसाठी कुणाला देऊ नका, त्यात मुरलेलं फरफ्युरल पुढच्या माणसाच्या एनएमआरमध्ये ९.६ ला उगवतं.